बाहेर आलेला घास

पाटावर मामा बसला आहे. त्याच्या मांडीवर सहा महिन्यांचा भाचा, समोर रांगोळी, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर. औक्षण झालं आहे, फोटो काढायला सगळे सरसावले आहेत. मामा चमच्याच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढी खीर घेतो आणि बाळाच्या ओठांना लावतो. बाळ ओठ चाटतं. सगळे हसतात. दुसरा चमचा जरा भरलेला असतो. या खेपेला बाळाची जीभ पुढे येते आणि खीर हनुवटीवरून ओघळत नव्या झबल्यावर उतरते. बाळ तोंड वाकडं करतं, मान वळवतं. ‘आवडलेली दिसत नाही,’ मागून कुणीतरी म्हणतं. आजी पदराने बाळाचं तोंड पुसते आणि उष्टावण पार पडतं.

हा दिवस कौतुकात जातो. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू होते. पाहुणे गेलेले असतात आणि आई वाटी-चमचा घेऊन एकटीच बाळासमोर बसते. मऊ भात बाहेर येतो. नाचणीचं सत्त्व बाहेर येतं. उकडून कुस्करलेला दुधी तोंडाजवळ नेताच बाळ ओठ घट्ट मिटतं. आठवडाभरात घरादाराचं एकमत होतं: ‘आमचं बाळ काही खातच नाही.’

मग घरोघरी दोनच उपाय चालतात. एक तर तो पदार्थ बंद करायचा, नाहीतर कसंही करून पोटात ढकलायचा. बाहेर आलेला घास म्हणजे बाळाचा ठाम नकार, ही समजूत या दोन्ही उपायांमागे आहे. पण त्या घासाचे अर्थ वेगवेगळे असतात. कधी ती जिभेची जन्मजात सवय असते, कधी चव अनोळखी असते, कधी पोट भरलेलं असतं, कधी घास चावता-गिळता येत नाही, आणि कधी बाळ आजारी असतं. यातलं काय चाललं आहे ते ओळखता आलं, तर पुढे काय करायचं तेही कळतं.

जिभेची राखण

पहिले काही महिने बाळाचं तोंड फक्त दूध पिण्यासाठी तयार असतं. जिभेच्या टोकाला चमचा किंवा घट्ट पदार्थ लागला, की जीभ आपोआप पुढे येते आणि तो बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया बाळाची राखण करते, कारण घट्ट पदार्थ सांभाळून गिळण्याची ताकद त्याच्या घशात अजून आलेली नसते. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ही क्रिया ओसरू लागते. काही बाळांमध्ये ती आणखी थोडे दिवस रेंगाळते. उष्टावणाच्या दिवशी मामाच्या हातची खीर बाहेर येते, ती बहुतेक वेळा याच कारणाने. खिरीच्या चवीशी तिचा संबंध नसतो.

शिवाय खाणं हे बाळासाठी नवं काम आहे. दूध ओढताना जीभ पुढे-मागे हलते. घास खाताना तिला तो उचलायचा असतो, कडेला हिरड्यांखाली न्यायचा असतो, परत मध्ये आणून मागे सारायचा असतो. हे जमेपर्यंत निम्मं अन्न बाहेर येणारच. आई बोटाने हनुवटीवरचा भात गोळा करून पुन्हा तोंडात घालते, तेव्हा बाळाचा सराव चालू असतो.

याच काळात आणखी एक गोष्ट घरच्यांना घाबरवते. घास जरा मागे गेला, की बाळाला उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो आणि घास परत पुढे येतो. मोठ्या माणसांत ही उबळ घशाच्या अगदी मागच्या भागातून उठते. सहा महिन्यांच्या बाळात तिची जागा जिभेवर बरीच पुढे असते. त्यामुळे तिला लवकर जाग येते, आणि तेच सुरक्षित आहे. उबळ येताना बाळ आवाज करतं, खोकतं. घास खरोखरच अडकला, तर आवाज बंद होतो, खोकला फुटत नाही, ओठ निळसर पडू लागतात. तिथे एक क्षणही न दवडता मदत लागते. हा फरक बाळाला भरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. आणि म्हणूनच बाळ आधाराने बसलेलं, मान सावरणारं आणि जागं असतानाच भरवावं. आडवं पाडून भरवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करावं, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा त्यापुढेही चालू ठेवावं. आपल्याकडे ही सुरुवात बऱ्याचदा लांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्के बाळांनाच आईच्या दुधासोबत घन किंवा अर्धघन अन्न मिळत असल्याचं आढळलं. ‘खात नाही, तर राहू दे, दूध पितंय ना’ असं म्हणत महिने निघून जातात, आणि तेच महिने चवी शिकण्याचे असतात.

चव पोटातूनच सुरू होते

१९७०च्या दशकात जेरुसलेममध्ये जेकब स्टायनर या संशोधकाने नवजात बाळांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवून त्यांचे चेहरे टिपले. गोड थेंबाने बाळांचा चेहरा सैलावला, कडू थेंबाने तोंड वासलं गेलं, आंबट थेंबाने ओठ आवळले गेले. जन्मून काही तासच झालेल्या बाळांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. दूध गोड असतं, पिकलेलं फळ गोड असतं, आणि निसर्गातल्या कितीतरी विषारी वनस्पती कडू असतात. माणसाचं बाळ गोडाची ओढ आणि कडूची धास्ती घेऊनच जन्माला येतं. पालकाच्या भाजीच्या पहिल्या चमच्याला मुरडलेलं नाक हा त्याच धास्तीचा भाग आहे. बाळाला हट्टी ठरवण्याचं कारण नाही.

ही धास्ती कमी करण्याची सोयही निसर्गाने केली आहे. आई जे खाते त्याचे वास आणि चवी गर्भजलात उतरतात, पुढे दुधातही उतरतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस घेतला, काहींनी बाळ अंगावर पीत असताना घेतला, तर काहींनी दोन्ही वेळा फक्त पाणी घेतलं. पुढे या बाळांना गाजराच्या रसात कालवलेली पेज दिली. ज्यांच्या आयांनी रस घेतला होता, त्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. २०२२मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या गटाने आणखी मागे जाऊन पाहिलं. ३२ आणि ३६ आठवड्यांच्या गरोदर स्त्रियांना गाजराची किंवा केल या कोबीच्या कुळातल्या कडवट भाजीची कॅप्सूल देऊन त्यांची सोनोग्राफी केली. गाजर मिळालेल्या गर्भांचे चेहरे हसल्यासारखे जास्त वेळा दिसले, केल मिळालेल्यांचे रडवेले.

म्हणून आई मेथी, शेपू, कारलं, लसूण असं सगळं खाते, तेव्हा तिच्या दुधातून बाळाला घरच्या चवींची आगाऊ ओळख होत असते. डब्याच्या दुधाची चव मात्र रोज तीच असते. त्या बाळांनाही नव्या चवी आवडतात, फक्त ओळखीला थोडा जास्त वेळ द्यावा लागू शकतो.

आठ वेळा भोपळा

मग ज्या भाजीला बाळाने एकदा तोंड फिरवलं, ती पुन्हा द्यायची का? या प्रश्नाचं थेट उत्तर २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासाने दिलं. आलेन गावातल्या ४९ आयांना विचारण्यात आलं, की तुमच्या सात महिन्यांच्या बाळाला कोणती भाजी इतकी नावडते, की तुम्ही एरवी ती परत दिली नसती? तीच भाजी त्यांनी दिवसाआड द्यायची, आणि मधल्या दिवशी आवडती गाजराची भाजी. अशी आठ जेवणं झाली. पहिल्या दिवशी नावडत्या भाजीचे सरासरी ३९ ग्रॅम पोटात गेले होते, आवडतीचे १६४. आठव्या खेपेला नावडतीचे १७४ ग्रॅम गेले आणि आवडतीचे १८६. सत्तर टक्क्यांहून अधिक बाळं आता ती ‘नावडती’ भाजी आवडतीइतकीच खात होती. नऊ महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही ६३ टक्के बाळं ती खात होती.

सुझन सुलिव्हन आणि लीअ‍ॅन बर्च यांनी १९९४मध्ये अमेरिकेत ३६ बाळांवर केलेल्या अभ्यासातही असंच दिसलं होतं. मटार किंवा फरसबी दहा वेळा दिल्यावर बाळं ती बरीच जास्त खाऊ लागली, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये ही वाढ अधिक होती. पण २००४मध्ये तिथल्याच एका मोठ्या पाहणीत पालकांना विचारलं, की एखादा पदार्थ मुलाला आवडत नाही हे तुम्ही किती वेळा देऊन ठरवता? सर्वाधिक पालकांचं उत्तर होतं, तीन ते पाच वेळा. म्हणजे बाळाची ओळख होण्याच्या बेतात असतानाच वाटी मागे घेतली जाते. आपल्याकडच्या कित्येक घरांत तर दोनदा थुंकलं की ‘याला दुधी चालत नाही’ असं ठरून जातं.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. मेनेला यांच्याच संस्थेत २००७मध्ये बाळांना आठ दिवस रोज फरसबी दिली. आठवडाभरात त्यांनी खाल्लेली भाजी वाढली, पण नुसती फरसबी मिळालेल्या बाळांचे चेहरे पूर्वीइतकेच वाकडे होत राहिले. कपाळाला आठ्या आणि तरीही पुढच्या चमच्यासाठी उघडलेलं तोंड, असं दोन्ही एकाच वेळी दिसत होतं. आई मात्र बहुधा आठ्या बघते आणि चमचा खाली ठेवते. भरवताना बाळाच्या कपाळाकडे कमी आणि ओठांकडे जास्त पाहावं. तोंड उघडतंय, तोवर बाळ तयार आहे.

घरी हे करायला काही खास सामान लागत नाही. समजा, लाल भोपळा नावडला. फोड वाफवावी, चमच्याने कुस्करावी, थेंबभर तूप घालावं, आणि बाळ ताजंतवानं, थोडं भुकेलं असताना एक-दोन चमचे द्यावेत. नाही घेतलं तर दुसरं जेवण द्यावं, भोपळ्याबद्दल काही न बोलता. एक दिवस सोडून पुन्हा भोपळा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, त्याच चौकटीत भोपळ्याची एक खूण करावी. दिवसाआड दिला, तर आठ खुणा व्हायला दोन आठवडे लागतात. चौथ्या खुणेला आलेला कंटाळा आठव्या खुणेपर्यंत थांबवता आला, तर बहुतेक बाळांचं मत बदलतं. गूळ किंवा साखर घालून भोपळा खपवू नये. त्यातून बाळ गोडाशी ओळख करून घेतं, भोपळा अनोळखीच राहतो.

पोट भरलं, हे कुणी ठरवायचं

१९२६च्या सुमारास अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक धाडसी प्रयोग सुरू केला. सहा ते अकरा महिन्यांची, नुकतं दूध सुटणारी पंधरा मुलं त्यांच्या देखरेखीखाली राहिली. जेवणाच्या वेळी प्रत्येकासमोर एक ताट यायचं. त्यात मांस, अंडी, धान्यं, फळं, भाज्या, दूध असे पदार्थ असत, सगळे साधे, मीठ-साखर न घातलेले. परिचारिका हातात चमचा घेऊन शेजारी बसायची, पण बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच ती चमचा भरायची, आणि बाळाने तोंड उघडलं तरच भरवायची. खा म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही.

मुलांचं खाणं अगदी ओढाळ निघालं. एखादं बाळ एका जेवणात नुसती अंडी आणि केळी खायचं, तर दुसऱ्या दिवशी त्यांना हातही लावायचं नाही. पण आठवड्यांचा आणि महिन्यांचा हिशेब केल्यावर सगळी मुलं धडधाकट वाढलेली दिसली. मुडदूस असलेल्या एका बाळाच्या ताटात कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची छोटी पेलीही ठेवली होती. आजार बरा होईपर्यंत ते बाळ आपणहून तेल प्यायलं, नंतर त्याने ते सोडलं. १९३९मध्ये निष्कर्ष मांडताना डेव्हिस यांनी स्पष्ट बजावलं, की खरी खुबी पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत गोडधोड आणि मैद्याचे पदार्थ नव्हतेच. काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते बाळांनी. पुढे अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी हीच वाटणी सुटसुटीत करून मांडली: काय, केव्हा आणि कुठे हे आईवडिलांकडे, किती, आणि खायचं की नाही, हे मुलाकडे.

ही वाटणी मराठी घराला अवघड जाते, कारण आपल्याकडे प्रेम वाटीत मोजतात. वाटी रिकामी झाली की आजीचा जीव भांड्यात पडतो. म्हणून थोडे आकडे समोर ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार मुलग्याचं मध्यम वजन जन्मतः सुमारे ३.३ किलो, सहा महिन्यांना ७.९ आणि वर्षाला ९.६ किलो असतं. पहिल्या सहा महिन्यांत साडेचार किलोंहून अधिक वाढ, पुढच्या सहा महिन्यांत सुमारे पावणेदोन किलो. वाढच मंदावते, तेव्हा भूकही त्याच प्रमाणात फुलत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर नीट पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात, नऊ ते अकरा महिन्यांना ३००. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुष्कळ झाले. हळूहळू दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी.

जबरदस्तीने काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बालवाडीतल्या मुलांना काही दिवस ‘सूप संपव’ असं सांगत सूप दिलं, आणि दुसरं सूप काही न बोलता दिलं. ज्या सुपाबद्दल आग्रह झाला, ते मुलांनी कमी घेतलं, आणि त्याबद्दल तक्रारीही जास्त केल्या. बाळांच्या बाबतीत आग्रह याहून धोक्याचा आहे. पायांवर आडवं घालून, गाल दाबून, बोंडल्याने तोंडात ओतण्याची पद्धत अजूनही काही घरांत दिसते. अशा वेळी बाळ रडत असतं, रडताना श्वास ओढतं, आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. ही पद्धत पूर्णपणे बंद व्हायला हवी.

दुसरी पद्धत आता जवळपास प्रत्येक घरात आहे: समोर मोबाइल, त्यावर नाचणारी चित्रं, आणि नकळत उघडणाऱ्या तोंडात जाणारे घास. वाटी संपते, पण बाळ काय खातंय हे त्याला कळत नाही आणि पोट भरल्याचा निरोपही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं, की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये. चिऊ-काऊचा घास यापेक्षा कितीतरी चांगला. त्यात आई बाळाकडे बघत असते, बाळ आईकडे, आणि मान वळली तर ती तिला लगेच दिसते.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नळगोंडा जिल्ह्यात ६० गावांमध्ये एक मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत नेहमीची अंगणवाडी सेवा होती. काही गावांत वरच्या अन्नाबद्दल घरी येऊन शिकवलं. आणखी काही गावांत त्यासोबत बाळाच्या खुणा ओळखून, बोलत-खेळत भरवायलाही शिकवलं. शिकवलेल्या दोन्ही गटांतल्या बाळांचं खाणं सुधारलं. खुणा ओळखून भरवायला शिकलेल्या घरांतल्या बाळांचा मानसिक विकासही अधिक चांगला दिसला. भुकेलं बाळ पुढे झुकतं, चमच्याकडे बघतं, तोंड उघडतं. भरलेलं बाळ मान वळवतं, ओठ मिटतं, चमचा ढकलतं, खेळायला लागतं. एवढ्याच खुणा आहेत, आणि त्या बघायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

पातळ पेज आणि मऊसूत पेस्ट

कधी कधी बाळ भरपूर खातं, तरी वजन वाढत नाही. अशा वेळी वाटीत डोकावून पाहावं. वरणाचं वरचं पाणी, भाताची पातळ पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. बाळाचं पोट लहान, किलोमागे जेमतेम ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाचं पोट पाण्यासारख्या पेजेने पटकन भरतं, आणि मग डाळ-भात नको होतो. चहाने तर अन्नातलं लोह शोषलं जाणंही कमी होतं. अन्न चमच्यावर टिकेल इतकं घट्ट हवं, चमचा तिरका केला तर हळू ओघळेल असं.

यासाठी मराठी घरांकडे खिमट आहे. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन फडक्यावर वाळवायची, मंद आचेवर खमंग भाजायची, शेवटी थोडं जिरं टाकायचं आणि मिक्सरवर रवाळ दळायचं. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून, ढवळत शिजवलं की पाच-सात मिनिटांत घट्टसर खिमट तयार. वरून अर्धा चमचा तूप. बाळ वर्षाचं होईपर्यंत मीठ नाही, साखर नाही. मध तर नाहीच, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. नाचणीला मोड आणून केलेल्या सत्त्वाची गंमत वेगळी आहे. मोड येताना धान्यात तयार होणारी विकरं स्टार्च फोडतात. त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी लापशी गिळायला सोपी राहते, आणि त्याच वाटीत ऊर्जा अधिक मावते.

लोहाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, आणि लोह कमी पडलं की भूकही मंदावते. म्हणजे न खाण्यातून कमतरता, आणि कमतरतेतून पुन्हा न खाणं. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. डाळी, हिरव्या भाज्या, आणि खाणाऱ्या घरांत अंड्याचा बलक, काटे काढून कुस्करलेली मासळी, शिजवून बारीक केलेलं मांस हे सहा महिन्यांनंतर चालतं. सरकारी कार्यक्रमातून या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप मिळतं, ते अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मागून घ्यावं.

मिक्सरमधून काढलेली मऊसूत पेस्ट मात्र फार काळ देऊ नये. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की ज्यांना रवाळ, गुठळ्यांचं अन्न दहा महिन्यांनंतर मिळालं, त्यांना पंधराव्या महिन्यात भरवणं अधिक अवघड गेलं. सातव्या वर्षीही त्यांच्या खाण्यात भाज्या-फळं कमी होती. दात नसले तरी हिरड्या चावू शकतात. सातव्या महिन्यात चमच्याने कुस्करलेलं, आठव्या-नवव्यात हाताने चुरलेली पोळी वरणात, बाळाच्या मुठीत मावणारा वाफवलेल्या रताळ्याचा तुकडा, आणि वर्षाच्या सुमारास घरातलंच जेवण. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं, लाह्या मात्र घशात अडकतात. ते लहान मुलांपासून दूर ठेवावेत.

नजर, दात आणि दवाखाना

दोन दिवस बाळाने खाल्लं नाही, की घरात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. त्या ओवाळण्याने बाळाला काही अपाय होत नाही. पण त्या समाधानात नाक बंद आहे का, तोंड आलं आहे का, जुलाब-ताप आहे का हे बघायचं राहून गेलं, तर अपाय होतो. सर्दीने नाक चोंदलं की बाळाला खाता खाता श्वास घेता येत नाही. दात येताना हिरड्या दुखतात. आजारात बाळ कमी खातं, तेव्हा अंगावरचं दूध वाढवावं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं.

काही खुणा दिसल्या, तर वाट पाहू नये. वजन दोन महिने तिथेच थांबलं किंवा उतरलं, प्रत्येक घासाला खोकला किंवा गुदमरणं, वारंवार उलट्या, लघवी कमी होणं, पांढरे फटक ओठ आणि मरगळ, किंवा दहा महिन्यांनंतरही कोणताही रवाळ घास गिळता न येणं. हे सगळे बाळाला डॉक्टरांकडे नेण्याचे इशारे आहेत.

एरवी बाळ खातंय की नाही, हे वाटीपेक्षा वजनाच्या तक्त्यावर जास्त खरं कळतं. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या त्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवर आधारलेल्या आहेत. त्या मानकांसाठी मोजलेल्या मुलांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेच्या मुलांबरोबर आपल्या दिल्लीची मुलंही होती. तेव्हा ‘हे परदेशी मुलांचे आकडे’ म्हणून ते बाजूला ठेवता येत नाहीत. बाळाचा बिंदू आपल्या रेषेच्या जवळून वर सरकत असेल, तर चौथ्या चमच्याला वळलेल्या मानेचं ऐकून वाटी खाली ठेवावी.

आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येणं २०१८पासून सरकारी कार्यक्रमात ठरलेलं आहे. सहाव्या महिन्यात त्या येतील, तेव्हा बाळाचं जेवण त्यांच्यासमोरच करावं. वाटीत काय आहे, अन्न चमच्यावर टिकतं का, बाळ मान केव्हा वळवतं, हे त्यांना दाखवावं आणि कार्डावर त्या दिवशीचं वजन लिहून घ्यावं. पुढच्या भेटीपर्यंत कॅलेंडरवर भोपळ्याच्या आठ खुणा झालेल्या असू द्या.